दोन बोटं समुद्र

शनिवारपासून पोरगी भाड्याच्या खोलीत एकटी राहणार, हा विचार आईच्या डोक्यातून हलायला तयार नव्हता. करवत चालवताना, काच पुसताना, चौकटीमागे खिळे ठोकताना तो तिथेच. एकटी असली की ही मुलगी धड जेवत नाही, आतून कडी लावायला विसरते, ताप आला तरी कुणाला कळवत नाही. आणि तिला एकटं कुणी पाडलं, हे आईइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोटो फ्रेमचं दुकान तिच्या सासऱ्यांचं. लग्न करून आली तेव्हा तिच्याकडे पदवी होती, पण करवत कधी हातात धरली नव्हती. सासऱ्यांनी शिकवलं. पहिलाच धडा एका वाक्याचा. "सूनबाई, चौकट कापायची, चित्र नाही." पंचवीस वर्षं तिने तो पाळला. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "आजोबांचे पाय कापून फोटो बसवायचा असेल तर दुसरं दुकान बघा. इथे आजोबा उभेच राहतील." गल्लीत तिला मास्तरीणबाई म्हणत, ते काही उगीच नाही.

मुलगी चित्रकार झाली. मागच्या वर्षी भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर महिनाभर राहून आली आणि त्यानंतर आठ महिने एकाच चित्रामागे लागली. ते गुंडाळून दुकानात आलं. सोबत तिच्या खोलीतल्या मैत्रिणीची चिठ्ठी होती. 'काकू, गुंडाळी मी बांधली आहे. रंग अगदी पूर्ण वाळल्यावरच. जपून उघडा. काही लागलं तर फोन करा.' खाली नंबर.

तिने चित्र टेबलावर पसरलं. ना बेट, ना घर, ना झाड. भाजल्या मातीच्या रंगाचे आडवे पट्टे, मध्ये चुन्यासारखा पांढरा चौकोन, राखाडी हिरवे डाग, आणि उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत दोन बोटं रुंदीची निळी पट्टी.

शेजारचा शिंपी डोकावला. "वहिनी, हे चित्र आहे, का पोरीने हात पुसलेत?"

"अहो, आठ महिने पुसतेय!" ती म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसले.

ते हसू आता तिला टोचत होतं.

मुलीच्या पहिल्या प्रदर्शनासाठी तिने सासऱ्यांच्या हातची सागवानी चौकट माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. चित्र त्या चौकटीला दोन बोटांनी मोठं भरलं. कॅनव्हासच्या कडेला ब्रश पुसायची पोरीला लहानपणापासून खोड. निळी पट्टी म्हणजे तेच, असं ती धरून चालली. विचारलं नाही. आधी पट्टी मागे दुमडली. घडी जाड झाली, चौकट बसेना. तेव्हा तिने कात्री घेतली.

चित्र पोचलं त्याच दिवशी मुलीचा फोन आला.

"आई, माझा समुद्र कुठे गेला?"

"कसला समुद्र?"

"उजवीकडचा! अगं, सगळं बेट त्याच्याकडे तोंड करून बसलंय. तो काढला तर राहिलं काय, ढेकळं?"

ती भलतंच बोलून गेली. "अगं, गुंडाळी ओलीच बांधली होती. रंग चिकटून निघाला. कड टाकून द्यावी लागली."

मैत्रिणीने परोपरीने सांगितलं, कॅनव्हास कोरडा ठणठणीत होता. त्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "माझी आई कशाला खोटं बोलेल?" हे तिने स्वतःच फोनवर आईला सांगितलं, वर अभिमानाने. चार वर्षांची मैत्री त्या एका वाक्यावर तुटली. मैत्रिणीने दुसरी खोली शोधली; शनिवारी ती जाणार होती.

आज सकाळी नवरा बारीक खिळे शोधत होता. खालचा खण उघडू नका म्हणायला ती वळली, तोवर उशीर झाला होता.

"ही कसली नाडी गं, निळी?"

त्याने पट्टी उजेडात धरली, अंगठा फिरवला. एक कण निघाला नाही.

"ही तर चिकटून खराब झाली होती ना?"

"हो, म्हणाले होते मी."

"बाबा असते तर..."

"बाबांना मध्ये आणू नका."

"नाही आणत." त्याने पट्टी हलक्या हाताने टेबलावर ठेवली. "त्या दुसऱ्या पोरीला तरी आणू का?"

ती खुर्ची ओढून बसली. आज गुरुवार. मुलीला सांगितलं तर ती रडेल, चार शब्द सुनावेल, कधीतरी माफ करेल. आईला माफी मिळते. त्या भरवशावरच तर ती इतके दिवस निजत होती. पण जिने जपून गुंडाळी बांधली, वर काकू म्हणून चिठ्ठी लिहिली, तिच्या माथी आपली कात्री मारली. आधी तिची क्षमा मागायची, मग लेकीची. नुसत्या लेकीला सांगून गप्प बसणं म्हणजे पुन्हा घडी घालून मागे दुमडणंच.

चिठ्ठी त्याच खणात, पट्टीखाली होती. शेजारी शिंप्याचं मशीन खडखडत होतं. तिने चष्मा लावला आणि ती नंबरातला एकेक आकडा मोठ्याने वाचत दाबायला लागली, म्हणजे नवऱ्याला ऐकू जावा आणि आपल्याला मागे फिरता येऊ नये.