सरांना न येणारं

आमच्या कारंजा गावात गणिताचे एक सर आहेत. निवृत्त झाले तरी चहाच्या टपरीवर, ओल्या बोटानं बाकावर आकृती काढून कोणाचंही अडलेलं गणित सोडवून देतात. एवढी बुद्धी आहे म्हणजे त्यांना देवाचंही कळत असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं आहे. म्हणून प्रवचनाला त्यांना हार घालून मंचावर बसवतात. "सर, तुमीच सांगा, देव आहे का नाही?" असं कोणी विचारलं की ते म्हणतात, "आधी हार काढू द्या राजेहो, मान खाजून राह्यली."

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा घरी उत्तरांची रीघ लागली. एका नातेवाइकानं तर विज्ञानाचा दाखला देऊन आत्म्याचा मुक्काम सांगितला. माझा कशावरच विश्वास बसेना आणि रडूही येईना. सर भेटायला आले तेव्हा मीही गावासारखाच वागलो.

"सर, दादा आता कुठं असंल?"

त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला. मग मागच्या बाकावरच्या पोरासारखे म्हणाले, "हे मले येत नाही गा."

कोणालाच येणार नाही, असा सिद्धांतही त्यांनी मांडला नाही. खुर्ची जवळ ओढून विचारलं, "तुया दादा हासे कसा, सांग बरं."

मी दादासारखं हसून दाखवायला गेलो आणि मधेच रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. हे त्यांना सांगायचं मात्र अजून राहिलंच आहे.