साधनाच्या नावानं तीन हजार मीटर

आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरची संगिता लालसिंग राठोड बारावीला होती आणि पळण्यात तिचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी खेळाचे शिवहार सर तिला म्हणाले, "पोरी, घोटाळा झाला. यादीत तुझ्या जागी आमच्या साधनाचं नाव गेलं. तिच्या नावानं पळ. पळणारी तर तूच ना?"

साधना सरांची लेक, संगिताच्याच वर्गातली. अभ्यासात हुशार, पण मैदानावर सावली सोडायची नाही.

संगिता पहिली आली. आई बेबीबाईनं पदक देवाच्या फोटोला अडकवलं, तांड्यात गूळ वाटला. प्रमाणपत्र सरांच्या पिशवीत राहिलं, आणि पदक घरात आल्यावर कागद कोण मागतंय! इथंच माती खाल्ली. त्या कागदावर पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात खेळाडूंची राखीव जागा मिळते, हे संगिताला कळलं ते साधनाची निवड झाल्यावर. मार्क दोघींचे सारखेच. म्हणजे जागा हिची होती. महिनाभर संगिताच्या तोंडाला चव नव्हती.

मग कॉलेजनं निवड झालेल्या खेळाडूंची मैदानावर चाचणी ठेवली आणि सर चपला बाहेर काढून तांड्यावर हजर झाले. "एवढ्या बारीला पळ. तुझ्या नोकरीचं मी बघतो."

बेबीबाई म्हणाली, "न्हाई सर, आता बास."

"पळते की सर," संगिता म्हणाली. "पर साधनाला बी संगं घ्या. तिच्यासाठीच पळून राहिले, तिनं बघू न्हाई व्हय?"

सरांना ते गोड वाटलं. त्या माणसाला कधी शंका म्हणून आली नाही. आपली जागा गेली ती गेली, हे संगिता जाणून होती. फक्त ती साधनाच्या घशात जाऊ द्यायची नव्हती.

पुण्यात ती साडेसात फेऱ्या अशी पळाली, की दुसरी पोरगी पाऊण फेरी मागे राहिली. टेबलाशी बसलेले कॉलेजचे साहेब खूश झाले. "साधना, इथं सही कर."

संगितानं सही केली, स्वतःच्या नावाची. मग कुंपणाकडे बोट केलं. "साधना ती. बापाजवळ उभी हाय. आता तिला पळवा."

सर हसत पुढं आले, पोरगी चेष्टा करते म्हणाले. साहेब हसले नाहीत. साधना पळाली, दुसऱ्या फेरीत खाली बसली आणि रडू लागली. संगिताला दया आली नाही. कशाला खोटं सांगा? उलट पोटात गार वाटलं.

साधनाची निवड रद्द झाली, दोन्ही पोरींवर खेळायला बंदी आली. सरांची तक्रार शाळेत जाणार होती. परतीच्या एसटीत सर मान खाली घालून बसले होते. साधना खिडकीशी होती, मधली जागा रिकामी. संगिता खुशाल सरांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं भाकरी सोडली.

"सर, टाइम किती लागला?"

शर्यतीचं घड्याळ त्यांच्याच हातात होतं, आणि सवयीनं त्यांनी ते मैदानावर दाबलंही होतं.

"अकरा मिनिटं, दोन सेकंद," ते पुटपुटले.

"कोणाचा?"

पुढच्या सीटवरच्या दोन बाया वळून बघू लागल्या.

"तुझा."

"नाव घेऊन सांगा सर. मोठ्यानं."

गाडी खड्ड्यात आदळली. साधनानं डोळे मिटून घेतले. संगितानं भाकरीचा तुकडा मोडला आणि सरांच्या तोंडाकडे बघत थांबली.

"संगिता राठोडचा," सर म्हणाले.

"अजून एकदा."