गुठळीला न जुमानणारी हौसा

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बाटल्या भरता भरता किती किस्से जमतात, विचारू नका! लढाईमुळे औषधं मिळेनात, किस्से मात्र रोज ताजे. आमच्या कर्जतच्या दवाखान्यातले निम्मे तर एकट्या हौसाचे.

*

कळंबची हौसा, जेमतेम तिशीची. भात लावता लावता तिचा उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली. डॉक्टर गोव्याचे ख्रिस्ती, आमच्याकडे नवे. त्यांनी तिच्या नवऱ्याला, गणपाला, समजावलं, "काळजाची झडप आधीच खराब. तिथं रक्ताची गुठळी झाली, ती सुटून मेंदूच्या शिरेत अडकली."

"मंग मागनं इंजिन लावा की! घाट चडाया गाडीला लावत्यात तसं!"

"तसलं इंजिन अजून निघालं नाही रे बाबा," डॉक्टर म्हणाले.

*

कबुतराचं गरम रक्त चोळलं की लकवा जातो म्हणून हौसाचा दीर टोपलीत कबूतर घेऊन हजर. त्यानं सुरी काढेपर्यंत हौसानं डाव्या हातानं टोपली उलथली. कबूतर थेट कौलांवर!

*

"महिनाभर पडून राहा. उठलीस तर दुसरी गुठळी सुटेल," डॉक्टरांनी दरडावलं.

तेव्हा तिला पहिला शब्द फुटला, "मेल्या!"

डॉक्टर खूश. रजिस्टरात लिहिलं, 'सुधारणा.'

*

पंधराव्या दिवशी औषध घेऊन तिच्या घरी गेलो, तर बाई चुलीपाशी! मी ओरडलो. तिनं परात माझ्यापुढं ढकलली, "थाप!"

मी निमूट भाकऱ्या थापल्या. तिनं त्या म्हशीला घातल्या!

*

दिराचं एकच टुमणं, "ही आज हाय, उद्या नाय. गणपाला दुसरी करू." एक दिवस तो हेरून ठेवलेल्या मुलीच्या बापालाच दवाखान्यात घेऊन आला. हौसा, गणपा बाकावर बसलेले. दुसरा झटका येणारच नाही, असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येईना. निदान बोलणं सुधारलंय हे दाखवावं म्हणून त्यांनी गणपाकडे बोट केलं, "हौसा, याचं नाव सांग."

हौसा गप्प. तीनदा विचारलं, तरी गप्प. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणारी बाई आमच्याकडे कुठली? डॉक्टरांना हे कुठून ठाऊक! त्यांनी सुस्कारा सोडला, "वाचा काही नीट आली नाही."

"बगा! तारीख ठरवू," दीर म्हणाला.

गणपा खाली मान घालून बसलेला. असा संताप आला मला त्याचा!

हौसा उठली. कुणाचा हात न धरता. शब्द अडखळले, पण दवाखानाभर ऐकू गेले.

"गणप्या! गाडी जुंप. घरी चल!"