हे उडलं की घराचं बघू

आमच्या क्लबात विमानं कमी आणि किस्से जास्त. कारण उघड आहे. विमान पडलं की तुकडे गोणीत भरून घरी न्यावे लागतात, आणि गोणी दिसली की बायको विचारते. किस्सा मात्र मोकळ्या हातानं घरी नेता येतो. दर रविवारी कुणाचं ना कुणाचं काहीतरी पडायचंच, त्यामुळे साठा बराच झालाय.

क्लब होता रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरातले आम्ही डझनभर रिकामटेकडे रविवारी सकाळी शिरगावच्या पलीकडच्या माळावर जमायचो. माळ कुणाच्या मालकीचा ते आम्हाला माहीत नव्हतं. तिथं चरणाऱ्या म्हशींनाही नसावं.

त्या म्हशींचा मालक एक म्हातारा होता. पहिल्याच रविवारी तो जवळ येऊन म्हणाला, "पोरांची खेलनी पोरांना द्या ना रं. तुमी कशाला खेलता?"

आमचे अध्यक्ष वैद्य साहेब दुखावले. "आजोबा, हे खेळणं नाही. याला एरोमॉडेलिंग म्हणतात. हे शास्त्र आहे."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मंग पडतं कशाला?"

\*\*\*

वैद्य साहेब अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. क्लबचे अध्यक्ष, संस्थापक आणि नियम करणारे तेच. क्लबात सगळ्यात मोठं विमान त्यांचं. नाव 'गरुड'. पंख असे की दोन माणसांनी दोन टोकांना धरून न्यावे लागत.

फक्त ते कधी उडालं नव्हतं.

"एवढं एक मॉडिफिकेशन झालं की उडवतो," हे साहेबांचं पालुपद. मॉडिफिकेशन म्हणजे काय? तर इंजिन लहान वाटलं म्हणून मोठं बसवलं. इंजिनाचं वजन चाकांना झेपेना म्हणून चाकं जाड केली. चाकांचं वजन वाढलं म्हणून पंख रुंद केले. रुंद पंख ओढायला इंजिन लहान पडायला लागलं.

हे सगळं घडत होतं त्यांच्या वन रूम किचनमध्ये. गरुडाचे पंख पलंगावर आडवे, धड कपाटावर, शेपटी देवघराशेजारी. वैद्य वहिनी शाळेत शिक्षिका. त्यांना मोठं घर हवं होतं. शनिवारी त्या पेपरातल्या फ्लॅटच्या जाहिराती कापून ठेवायच्या, आणि साहेब त्यांच्या कडेच्या कोऱ्या जागेत पंखाचं ड्रॉइंग काढायचे.

वहिनींनी विषय काढला की साहेबांचं उत्तर ठरलेलं. "हे उडलं की घराचं बघू."

आम्ही गेलो की वहिनी चहा द्यायच्या आणि आमच्यादेखत विचारायच्या, "काय हो भावजी, तुमच्या क्लबात असं एखादं विमान आहे का, की जे उडतं?"

\*\*\*

या विमानांचं इंजिन पेट्रोलवर चालत नाही. मिथेनॉल आणि एरंडेल तेल एकत्र करून टाकावं लागतं. मिथेनॉल मी माझ्या केमिकल कंपनीच्या ओळखीतून रीतसर मिळवायचो. एरंडेल साहेब स्वतः आणायचे, घराजवळच्या केमिस्टकडून, बाटल्याच्या बाटल्या. विमान उडत नव्हतं, पण इंजिन रोज संध्याकाळी गॅलरीत सुरू करून बघायचे, त्यामुळे खप भरपूर.

केमिस्ट सज्जन माणूस. एक दिवस दुकानात गर्दी नसताना त्यानं हळूच विचारलं, "साहेब, कधीपासून आहे हे?"

साहेबांच्या डोक्यात चोवीस तास गरुड. म्हणाले, "चार वर्षं होतील."

"आणि एवढं करून काही हालचाल?"

"आवाज खूप होतो," साहेब म्हणाले, "पण अजून सुटत नाही."

केमिस्टनं बाटली परत ठेवली. "साहेब, प्लीज डॉक्टरला दाखवा!"

\*\*\*

क्लबातला दुसरा नमुना म्हणजे किशू. उल्हासनगरात त्याचं गाद्या आणि फोमचं दुकान होतं. परदेशी हलकं लाकूड आणून विमान करणं त्याला मंजूर नव्हतं. "साईं, विमान गिरनेवालाच है, तो महाग कशाला गिराना?" हा त्याचा हिशोब, आणि त्यात चूक काढणं आम्हाला कधी जमलं नाही.

गणपती झाले की लोक थर्माकोलची मखरं टाकून द्यायचे. किशू ती टेम्पोत भरून आणायचा आणि त्यातून विमानं कापायचा. एका वर्षीच्या विमानाच्या डाव्या पंखावर सोनेरी कमळ होतं, उजव्यावर मोराचं अर्धं पीस, आणि पोटाखाली चमकीच्या अक्षरांत 'सुस्वागतम्'.

ते डोक्यावरून गेलं तेव्हा शेतातल्या दोन बायकांनी हातातली कामं सोडून नमस्कार केला. किशूला एवढा आनंद झाला की त्यानंही हात जोडले. हात जोडायला रिमोट सोडावा लागतो, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. विमान सरळ माळाखालच्या नदीत गेलं.

आम्ही काठावर धावलो. किशूनंच सांत्वन केलं. "छोडो यार. दीड दिन का था."

\*\*\*

आता चिमट्याचं सांगतो. त्या काळी प्रत्येक रिमोटला ठरलेला चॅनल असायचा. एकाच चॅनलचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले की विमानाला दोन मालक होतात, आणि दोन मालकांचं ऐकणारं विमान जमिनीत घुसतं. म्हणून मैदानावर एक फळी असते. तिच्यावर प्रत्येक चॅनलचा एक कपडे वाळत घालायचा चिमटा. ज्याच्या हातात चिमटा, त्यानंच रिमोट चालू करायचा.

वैद्य साहेब आणि किशू यांचा चॅनल एकच. स्वतःचं विमान न उडवणारा माणूस दुसऱ्यांच्या उडण्याचे नियम फार बारकाईनं पाळायला लावतो. एका रविवारी किशू नवं विमान घेऊन आला, तर फळीवर त्यांचा चिमटाच नाही.

"चिमटा नाही तर उड्डाण नाही," साहेबांनी जाहीर केलं.

किशू कळवळला. "अरे पण वैद्यसाब, तुमचं तर उडतच नाही! क्लॅश कुणाशी होणार?"

"नियम म्हणजे नियम."

तासभर आम्ही गवतात चिमटा शोधला. शेवटी मिलिंद गायकवाड म्हणाला, "साहेब, मागच्या रविवारी तुम्ही तो शर्टाच्या खिशाला लावला होता." हा मिलिंद शहाडचा, टेलिफोन खात्यातला. आमच्यात खरंच विमान उडवता येणारा हा एकटाच, त्यामुळे त्याच्याबद्दल किस्से कमी आहेत.

साहेबांनी घरी मोबाईल लावला. फोन कानापासून लांब धरला तरी वहिनींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "आहे, आहे तुमचा क्लब इथे! माझ्या परकराला लावलाय. वाळला की पाठवते!"

क्लबचं त्या दिवशीचं कामकाज एका परकरासाठी तहकूब झालं.

\*\*\*

किशूला उडवायला शिकवण्याचं काम मिलिंदकडे होतं. विमान आपल्यापासून लांब जाताना डावं ते डावं, पण आपल्याकडे तोंड करून आलं की डाव्याचं उजवं होतं. भले भले इथं गडबडतात. किशूनं उपाय काढला. विमान वळलं की तो स्वतःही पाठ फिरवून उभा राहायचा आणि मान वळवून मागे बघायचा.

असाच एकदा मान वळवून उभा असताना धाडकन आवाज झाला.

"मिलिंदभाई! कल तक ये दीवार नहीं थी!"

किशू खोटं बोलतोय असं आम्हाला वाटलं. पण खरंच नव्हती. माळाच्या कडेला प्लॉट पडले होते आणि एका आठवड्यात कंपाउंड उभं राहिलं होतं. भिंतीवर बोर्ड: 'निसर्गाच्या कुशीत, स्वप्नातलं घर'. निसर्ग म्हणजे त्या म्हशी असाव्यात, कारण पुढच्या महिन्यात त्यांनाही आत येऊ देईनात.

साहेबांचा चेहरा उतरला. गरुडाला धावायला सगळ्यात जास्त जागा लागणार. जागा कमी झाली म्हणून त्यांनी पंखांना जास्तीचे फ्लॅप बसवले, म्हणजे कमी धावून उचलेल. फ्लॅपनं वजन वाढलं. वजन वाढल्यावर जागा आणखी लागणार. दर दिवाळीला मैदान आखडत होतं आणि विमान फुगत होतं. यातलं आधी काय संपेल यावर किशूनं वडापावची पैज लावली होती.

\*\*\*

मैदान वाचवायला आम्ही तिथल्या एका पुढाऱ्याकडे गेलो. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. वैद्य साहेबांनी त्याला खेळाचं महत्त्व, तरुण पिढी, वैमानिक घडवणं वगैरे सांगितलं. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, "यातून फुलं टाकता येतात का?"

त्याच्या वाढदिवशी स्टेजवर विमानातून पुष्पवृष्टी करायची, असं ठरलं. किशूनं विमानाच्या पोटात कप्पा केला. झेंडूच्या पाकळ्या ताज्या राहाव्यात म्हणून त्या ओल्या करून दाबून भरल्या.

मिलिंदनं विमान अगदी बरोबर स्टेजवर आणलं. भाऊंचं भाषण रंगात आलेलं. कप्पा उघडला. वृष्टी काही झाली नाही. पाकळ्यांचा नारळाएवढा एक गोळा सुटला आणि भाऊंच्या फेट्यावर बसला.

मग भाऊंनी फेटा सावरला आणि माईकवर ओरडले, "बघा! विरोधकांची पातळी बघा!"

टाळ्यांचा कडकडाट! मैदानाचं काय, असं आम्ही नंतर विचारलं तर म्हणाले, "बघतो." आणि माणूस शब्दाला जागला. दोन महिन्यांत उरलेल्या माळावर नवा बोर्ड लागला, त्यावर मार्गदर्शक म्हणून भाऊंचा हसरा फोटो. फेट्यासह.

\*\*\*

मग तो शेवटचा रविवार. सोमवारपासून जेसीबी येणार होता. गरुड आज उडाला नाही तर कधीच उडणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, आणि साहेबांच्या तोंडावर ते दिसत होतं. त्या दिवशी मात्र त्यांची थट्टा करवेना.

वहिनी पहिल्यांदाच मैदानावर आल्या. त्यांनी पर्समधून चिमटा काढून साहेबांच्या हातात दिला. किशूच्या रिमोटची बॅटरी मिलिंदनं काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"साहेब, उतरायला जागा नाहीये," मिलिंद म्हणाला. "समोर भिंत, तिच्यापलीकडे नवी बिल्डिंग."

"ते नंतरचं मॉडिफिकेशन," साहेब म्हणाले आणि इंजिन पूर्ण वेगात सोडलं.

गरुड धावला. भिंत जवळ आली. किशूनं डोळे मिटले, मीही मिटले. उघडले तेव्हा चाकं भिंतीवरून वितीच्या अंतरानं जात होती. उडलं हो! एवढं वजन, एवढी वर्षं, आणि घारीसारखं संथ वळण घेतलं त्यानं. साहेब रडत होते. वहिनी तोंडाला पदर लावून वर बघत होत्या. मलाही भरून आलं, उगाच कशाला लपवू?

दुसरी फेरी पूर्ण व्हायच्या आत इंजिन बंद.

"पेट्रोल संपलं?" वहिनींनी विचारलं.

साहेब हळूच म्हणाले, "वजन कमी करायला काल टाकी अर्धी केली."

मिलिंद ओरडला, "नाक खाली धरा, तरंगू द्या, तरंगू द्या!" गरुड बिनआवाजाचा तरंगत गेला आणि समोरच्या अर्धवट बिल्डिंगच्या चौथ्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर अलगद टेकला. ओरखडासुद्धा नाही.

आम्ही धावत गेलो. वॉचमननं आडवा दांडा धरला. मागून टाय लावलेला सेल्सवाला मुलगा आला. "सॉरी सर. साइट व्हिजिट ओन्ली फॉर फॅमिली कस्टमर."

साहेब त्याला शास्त्र समजावून सांगायला लागले. वहिनींनी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं.

"उडलं ना?"

"उडलं," साहेब म्हणाले.

"मग चला. घराचं बघू."

त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "आम्ही फॅमिली आहोत. चौथा मजला दाखवा."

डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून आम्ही सगळी फॅमिली जिना चढलो, किशूसकट. वर भिंती नव्हत्या. स्लॅबवर नुसत्या खडूच्या रेघा मारलेल्या, आणि मधोमध गरुड. साहेब गुडघ्यावर बसून चाकं तपासायला लागले. सेल्सवाल्यानं तेवढ्यात सुरू केलं, "मॅडम, वन बीएचके. क्रॉस व्हेंटिलेशन. ही एंट्री, हा हॉल..."

वहिनी खडूच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत चालत गेल्या. गरुडाच्या डाव्या पंखाच्या टोकाशी वाकल्या, वीत लावून बघितली. मग उजव्या टोकाशी गेल्या, तिथंही वीत लावली. दोन्हीकडे एकेक वीत सुटत होती.

त्या सरळ झाल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "बरं, हॉल याचा झाला. आता माणसं कुठे राहणार ते दाखवा."