हळू येणारी अक्षरं

माझ्या फोनवर तो तळहात ठेवून बसायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी म्हणायचे, "भाऊ, त्याला ताप आलाय का?" तो म्हणायचा, "घाई नको अक्का. येतंय."

अमळनेरला आमच्या मागच्या गल्लीत त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद पडलं, मग त्या गल्लीतली फोनची जुनी तारही निघाली. माझी राहिली, कारण काढायला आलेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणून एक दिवस तो खांद्यावर पोतं टाकून आला. पोत्यात टाइपरायटरसारखा दिसणारा जुना घरगुती कॉम्प्युटर, फ्लॉपींचा डबा आणि मोडेम. मोडेम म्हणजे फोनच्या तारेतून अक्षरं पाठवणारी पेटी. पडदा माझ्याच टीव्हीचा.

तारेच्या दुसऱ्या टोकाला धुळ्यात त्याचा मित्र. तरुणपणी दोघांनी एकसारखी यंत्रं घेतली होती. पुढे मित्राचं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. ऐकू येई, बोलता येत नसे. रविवार सोडून रोज दुपारी तीनला तिकडून फोन यायचा. मोडेम शीळ घालायचा, खरखरायचा, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं तरंगत वर यायची. पहिलं वाक्य ठरलेलं: आहेस का. बाहेर ऊन रखरखलेलं, आत कूलरची घरघर. माझा डोळा लागायचा आणि ती अक्षरं झोपेतही येत राहायची.

अक्षरं पडद्यावर मांडायला टर्मिनलचे प्रोग्राम लागतात. त्याच्याकडे तीन होते. दोघांना मिळून एक ठरवायचा होता, आणि परीक्षक मी. मी चौथी पास. इंग्रजी अक्षरं त्याच टीव्हीवर शिकले. ते दोघं मराठीच लिहायचे, पण इंग्रजी अक्षरांत.

पहिला प्रोग्राम ओळीओळीत चौकोन आणि चांदण्या टाकायचा. "बठ्ठा कचरा शे," मी आमच्या अहिराणीत म्हटलं, म्हणजे सगळा कचरा आहे. त्याने वहीत तसंच लिहून घेतलं. दुसरा स्वच्छ. मित्राने ओळ पुरी केली की चुका दुरुस्त होऊन अख्खी ओळ एकदम यायची. तिसरा मंद. धुळ्यात जे अक्षर दाबलं तेच इकडे यायचं. चुकलेलं दिसायचं, खोडलेलं दिसायचं, मधेच सगळं थांबायचं.

"दुसरा घे," मी म्हटलं. "तिसऱ्यात माणूस म्हातारा होईल."

"झालोच आहे की."

"मग अक्कल कधी येणार?"

त्याने तिसऱ्याच्या फ्लॉपीला लाल पट्टी चिकटवली. म्हणाला, "दुसऱ्यात नुसता निरोप येतो, अक्का. यात तो कुठे अडला ते कळतं. पूर्वी बोलताना कळायचं, तसं."

मला ते तेव्हा पटलं नाही. तुम्हालाही पटणार नाही. पण दवाखान्याचं काही लिहायचं असलं की धुळ्याची अक्षरं अडायची, आणि हा फोनवर तळहात ठेवून बसून राहायचा. असं दोन उन्हाळे चाललं.

एका रविवारी तो जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही. सोमवारी सकाळी त्याची सून सांगायला आली. "धुळ्याला कळवलं का?" मी विचारलं. तिला धुळ्यात कोणी आहे हेच ठाऊक नव्हतं.

फोन उचलून तोंडाने सांगता आलं असतं. पण मी बोलून मोकळी झाले असते आणि त्या माणसाला एक शब्द परत बोलता आला नसता. म्हणून पावणेतीनला मीच टीव्ही लावला, लाल पट्टीची फ्लॉपी घातली. रोज बघून हाताला सगळं माहीत झालं होतं.

तीनला शीळ वाजली. अक्षरं आली: आहेस का.

'तो गेला' एवढंच लिहायचं होतं. मी एका बोटाने 'तो' लिहिलं. पुढचं अक्षर कुठे आहे ते दिसत होतं, पण बोट जाईना. मी 'तो' खोडला, परत लिहिला, परत थांबले. तिकडे त्याला सगळं दिसत होतं.

बऱ्याच वेळाने पडद्यावर आलं: अक्का का.

मी 'हो' लिहिलं.

मग काहीच आलं नाही. कूलर चालू होता. पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. माझा तळहात फोनवर कधी गेला ते मला कळलं नाही.

शेवटी अक्षरं आली, एकेक, मधे थांबत: घाई नको.