चोरलेले दोन महिने

खामगावच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर कामाला होते. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन टिपायचं, रिकामी झाली की पुन्हा टिपायचं, पावती फाडून द्यायची. मी बी.कॉम. झालेली, आकड्यात सहसा चुकत नाही. ज्या एका आकड्यानं माझी झोप उडवली, तो चुकला नव्हता. मी तो जाणूनबुजून खोटा लिहिला होता.

नवरा संग्रामपूरला कृषी केंद्रात नोकरीला, फक्त रविवारी घरी यायचा. त्यामुळे भाड्याच्या खोलीत मी आणि सासूबाई, दोघीच. त्यांना मी आत्या म्हणते. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही तिसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले होते, आणि चौथ्यात सगळं संपलं. डॉक्टरांनी बरीच कारणं सांगितली. आत्यांना त्यातलं एकही पटलं नाही. त्यांच्या मते कोणाची तरी नजर लागली होती, आणि ती लागली कारण आम्ही तोंड उघडलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी महिने चोरायचं ठरवलं. आमच्याकडे बायका चोरतातच, पाचवा असला तर चौथा सांगतात. आत्यांनी एक नाही, दोन चोरले.

"आन् झाल्यावर?" मी विचारलं.

"लवकर झालं म्हनू. कोन मोजाले बसते?"

मी त्यांना हसले. पण जिनिंगमध्ये अर्ज देताना बाळंतपणाचा महिना मार्च होता तिथं मी मे लिहिला आणि खाली सही ठोकली. एवढं शिकून अशी वागले म्हणून मला स्वतःचा राग येतो. पण त्या वेळी खरा महिना लिहायला पेन टेकवला. पहिल्या वेळच्या पेढ्यांचा रिकामा खोका डोळ्यांपुढे आला. मग हातानं काय लिहिलं ते लिहिलं.

जानेवारी लागता लागता माझे पाय सुजले, बीपी वाढलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, दिवसभर बसणं बंद, आराम करा. मी घाबरत शेठजींकडे गेले. माणूस भला. म्हणाले, "दुपारपर्यंत या, मग घरी जा. अर्ध्या दिवसाचा पगार मांडू." मला तर देवच भेटल्यासारखं झालं. त्या दिवशी आत्यांनी गोडाचा शिरा केला.

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी मी निघताना मुनीमजींनी हाक मारली. पगाराचं सगळं तेच पाहायचे, म्हातारे, तोंडाने फटकळ.

"बाई, हे अर्धे दिवस तू आनखी किती दिवस करशीन?"

"डॉक्टर सांगतीन तोवर. काऊन?"

"सुट्टीचा पगार कशावर निघते, माहीत हाय का तुले? सुट्टीवर जायच्या आधीच्या तीन महिन्यांत दिवसाले जेवढी मजुरी पडली, तेवढीच सुट्टीत भेटते. तुया कागदावर मे हाय. सुट्टी निघते आठ आठवडे आधी, म्हंजे मार्चात. तवापर्यंत तुये तिन्ही महिने अर्धेच भरतीन. मंग सव्वीस आठवडे अर्धाच पगार."

खोलीचं भाडं, दवाखाना, सुट्टीचे सहा महिने, सगळं त्या पगाराच्या भरवशावर होतं. नवऱ्याच्या पगारात त्याचं जाणं-येणं आणि आमचा किराणा भागायचा, बस.

आणि दुसरी भीती तर मी कोणाला सांगूही शकत नव्हते. बाळ मार्चात येणार होतं. कागदानं माझी सुट्टी सुरू व्हायची तेव्हा मी दवाखान्यात असणार होते. खरा महिना सांगितला तर सुट्टी आत्ता, ह्याच आठवड्यात सुरू होऊ शकत होती. मागचे महिने पूर्ण भरलेले, अर्धे दिवस फक्त तीन आठवड्यांचे. पगार जवळपास पुरा बसला असता. एक वाक्य बोलायचं होतं. तेच माझ्याच्यानं बोलवेना. खोटी सही केली म्हणून कामावरूनच काढलं तर? आणि बोलले आणि पुन्हा तसंच झालं तर?

मी म्हटलं, "उद्यापासून पुरा दिवस येते."

मुनीमजींनी माझ्या पायांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. चारच्या सुमारास पडद्यावरचे आकडे हलायला लागले. डोळ्यांपुढे काजवे, कानात शिट्टी. मी टेबल घट्ट धरलं आणि पोटावर हात ठेवून बाळ हलायची वाट पाहिली. ते हललं नाही. एक गाडी गेली, दुसरी गेली. ड्रायव्हर पावतीसाठी ओरडत होता आणि मी मनात एकच म्हणत होते, हल रे बाबा, एकदा हल. तिसऱ्या गाडीला ते हललं. मी तिथंच रडायला लागले.

घरी येऊन आत्यांना सगळं सांगितलं. त्या सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. मला वाटलं, म्हणतील अर्धा तर अर्धा, पण तोंड उघडू नको. त्या उठल्या आणि तांदूळ धुवायला गेल्या. सकाळी पाहिलं तर नवं लुगडं नेसून दारात उभ्या, काखेत माझी सोनोग्राफीची फाइल.

जिनिंगच्या ऑफिसात पंधरा-वीस माणसं होती, व्यापारी, हमाल, काट्यावरच्या बाया. आत्या सरळ मुनीमजींच्या टेबलासमोर गेल्या.

"माया सुनेले आठवा लागला. मार्चात होते ती मोकळी. मे म्या सांगतला होता, तिचा कसूर नाही."

सगळं ऑफिस आमच्याकडे बघायला लागलं. मी खाली मान घालून उभी. मुनीमजींनी फाइल उघडली, तारीख पाहिली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सही त तुयीच हाय ना बाई?"

"हाव," मी म्हटलं.

त्यांनी शेठजींना आत जाऊन विचारलं. परत आले ते कोरा कागद घेऊन. "खरं लिही. आन् आजपासून घरी बस. पगार बसते जवळपास पुरा."

मी लिहीत असताना मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, आठवा? पोट त दिसतच नाही." आत्यांनी डोळे मिटून घेतले.

फाटकाबाहेर येऊन आम्ही ऑटोची वाट पाहत उभ्या राहिलो. पंधरा-वीस माणसांत मोठ्यानं बोललेल्या आत्या आता मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या, "इतक्या लोकायसमोर बोलली म्या. काही झालं, त मले कदी माफ नको करजो."

मी त्यांचा हात घेतला आणि पोटावर ठेवला. दोघीही बाळ हलायची वाट पाहत उभ्या होतो, आणि दोघींनाही सारखीच भीती वाटत होती.