लेकरूबी ग्रहण पाळून राहिलंय

‘फीटल डिस्ट्रेस’ हे शब्द डॉक्टरबाई मला म्हणाल्याच नव्हत्या. त्यांनी पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकले, जागा बदलून पुन्हा ऐकले, आणि दारातल्या सिस्टरला म्हणाल्या, "फीटल डिस्ट्रेस आहे. भूलवाल्या डॉक्टरांना निरोप द्या, टेबल तयार करा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "कधीपासून हललं नाही?"

"काल सकाळपासून," मी म्हणाले.

त्यांचा हात पोटावर तसाच थांबला. "काल?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

फीटल डिस्ट्रेस म्हणजे पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडणं, त्याचा जीव गुदमरणं. बाळ तेव्हा आधी हातपाय हलवणं कमी करतं, असलेली ताकद वाचवून ठेवतं. म्हणजे ते गप होतं. हे मला नंतर समजावून सांगितलं. माझं बाळ गप झालं तेव्हा मी खूश झाले होते.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी उपयोग होईल.

हिंगोली तेव्हा नुकतीच परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाली होती. माझं माहेर आखाडा बाळापूर, सासर कनेरगाव नाका. तिथं रस्त्यावर यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आईनं मला बाळापूरला आणलं होतं.

मी तोंडानं फटकळ, पण आतून भित्री. सुई बघितली की डोळ्यापुढं अंधारी यायची. लहानपणी काकूचं बाळंतपण घरातच झालं, तिचं ओरडणं मी भिंतीपलीकडून दिवसभर ऐकलेलं. मला दिवस गेले तेव्हा आनंद व्हायच्या आधी घाम फुटला. यांना मी सांगून टाकलं, "मला न्हाई जमायचं हे." हे म्हणाले, "आता काय जमायचं न्हाई म्हणतीस? गाडी निघाली की." हसले, पण काळजीनं पुण्याला बहिणीला फोन लावला.

यांची मोठी बहीण, आमच्या ताई, पुण्यात फिजिओथेरपिस्ट. म्हणजे आखडलेल्या हातापायांना व्यायाम देऊन माणसाला चालतं करणाऱ्या. त्यांनी कुठल्याशा परदेशी पुस्तकात हिप्नोबर्थिंग वाचलं होतं. हिप्नो म्हणजे संमोहन, बर्थ म्हणजे जन्म. यात कुणी तुम्हाला झोपवत नाही की मंत्रानं भारून टाकत नाही. सावकाश श्वास घ्यायचा, अंग सैल सोडायचं, मनाला रोज तेच तेच चांगलं सांगायचं. भीतीनं अंग आवळतं आणि आवळलेलं अंग जास्त दुखतं, म्हणून आधी भीती काढायची. ताईंनी हे सगळं आपल्या आवाजात भरून मला कॅसेट पाठवली.

"सुमन, कळ म्हणू नकोस, लाट म्हण. लाट येते, लाट जाते," असं ताई त्यात सांगायच्या. समुद्र मी कुठं बघितला होता? मी ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जातो तसं काहीतरी डोळ्यापुढं आणायची. खोटं कशाला बोलू, गुण यायचा. आई शेजारी ऐकायला बसायची आणि माझ्याआधी घोरायला लागायची. "बाळंतपण तुझं हाय का माझं?" म्हणून मी तिला हलवायची.

त्या कॅसेटमध्ये एक वाक्य होतं. "भीतीचा विचार आला तर त्याच्याशी भांडू नकोस, श्वासाबरोबर बाहेर सोडून दे." सगळ्यात पक्कं मी हेच शिकले. सातव्या महिन्यात मला भीतीची स्वप्नंसुद्धा पडायची बंद झाली. हिंगोलीच्या डॉक्टरबाईंकडे तपासायला गेले की त्या म्हणायच्या, "छान आहे सगळं, हालचालीवर मात्र लक्ष ठेवा." मी मान डोलवायची. ऐकलं होतं मी, नीट ऐकलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मला कुणी सांगितलंच नाही असं म्हणायची सोय नाही.

नववा लागला आणि आषाढाच्या अमावास्येला सूर्यग्रहण आलं. टीव्हीवर कितीतरी दिवस तेच चाललेलं. ग्रहण संध्याकाळचं, पण वेध सकाळपासून. आमच्याकडं पोटुशी बाई ग्रहणात काही चिरत नाही, शिवत नाही, अन्नपाणी घेत नाही. अंधाऱ्या खोलीत सरळ पडून राहायचं, हातपायसुद्धा दुमडायचा नाही, नाहीतर लेकरात काहीतरी व्यंग येतं म्हणतात. मी डी.एड. झालेली. चंद्राची सावली कशी पडते ते फळ्यावर काढून पोरांना शिकवलेलं. पण पोट आपलं असलं की शास्त्र फळ्यावरच राहतं. आईनं खिडकीला चादर लावली आणि मी मुकाट्यानं पडले. उशाशी कॅसेट लावली.

एरवी सकाळचा चहा प्याले की बाळ लाथा मारायचं. त्या दिवशी चहा नव्हता आणि लाथाही नव्हत्या. दुपारी माझ्या मनात आलं, सकाळपासून हललं नाही. मग शिकल्याप्रमाणे मी लांब श्वास घेतला आणि तो विचार बाहेर सोडून दिला. थोड्या वेळानं परत आला, परत सोडला.

तरी आईला म्हणलं, "हलून न्हाई राहिलं गं." आईनं पोटावर हात ठेवला. शेजारच्या मावशी दारातच बसल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "बघा वं, लेकरूबी ग्रहण पाळून राहिलंय." मावशी म्हणाल्या, "समजदार हाय. आईला तकलीफ देत न्हाई." तिघी हसलो. आणि मला काय वाटलं ते सांगते, मला अभिमान वाटला. वाटलं, मी शांत झाले तसं माझं बाळही शांत झालं, ताईंच्या कॅसेटचा गुण त्यालाही आला.

ग्रहण सुटलं, आंघोळ केली, खिचडी खाल्ली. जेवल्यावर पोटात काहीतरी सरकलं. "हललं बघ," आई म्हणाली. बाळ होतं की वायू होता, देव जाणे. मला बाळच हवं होतं, म्हणून मी बाळच धरलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा प्याले, काही नाही. परत कॅसेट लावली. एक बाजू पूर्ण ऐकली, उलटवून दुसरी लावली. ताई म्हणत होत्या, "तुझं बाळ शांत आहे, तूही शांत आहेस." आणि मला एकदम रडू फुटलं. श्वास सोडला तरी भीती जाईना. बटण बंद केलं आणि आईला म्हणलं, "जीप बघ. आत्ताच्या आत्ता." बाळापूर ते हिंगोली रस्ता नेहमीचाच, पण त्या दिवशी तो संपत नव्हता.

पुढचं तुम्ही वर वाचलंच. कळा आल्याच नाहीत, म्हणजे ज्या लाटेची इतके महिने तयारी केली ती आलीच नाही. सिझरसाठी मला स्पायनल दिलं, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई टोचून कमरेखालचं अंग बधिर करणं. सुईला भिणारी मी हललेसुद्धा नाही, सावकाश श्वास घेत राहिले. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "वा, इतकी शांत पेशंट पहिल्यांदा बघतोय." ती शाबासकी मला अजून टोचते.

मुलगी झाली. रडली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेकोनियम घट्ट आहे." मेकोनियम म्हणजे बाळाची पहिली शी. जीव घाबरला की ते पोटातच शी करतं आणि ती श्वासात जाते. गळ्याभोवती नाळेचे वेढे होते. किती तरी वेळानं कोकरासारखा एक बारीक आवाज आला, मग तोही थांबला. तिला ऑक्सिजन लावून जीपनं नांदेडला नेलं, तोवर कनेरगावहून आलेल्या यांच्यासोबत. जीप बाळापूरवरूनच गेली असणार. मी टाके घातलेल्या पोटानं हिंगोलीत पडून होते.

तिथले दिवस कसे सांगू? आई डिंकाचे लाडू घेऊन यायची आणि लाडू बघून मीच नाही तर तीही रडायची. दूध दाटून छाती दगडासारखी व्हायची. सिस्टर पिळून काढायला लावायची आणि मोरीत ओतायची. शेजारच्या खाटेवरची बाळं रडली की माझा पदर ओला व्हायचा. हे रोज एसटीडी बूथवरून दवाखान्यात फोन करायचे. "आज तशीच हाय," म्हणायचे. तशीच म्हणजे जिवंत.

पाचवी आली. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवतात. आई म्हणाली, "लेकरू नांदेडात, मग सटवाई इथं येऊन काय करंल?" तिनं भावाच्या हाती सामान नांदेडला धाडलं. यांनी लाजत लाजत तो कागद-पेन बाळाला ठेवलेल्या काचेच्या खोलीबाहेरच्या बाकाखाली ठेवला. तिथल्या सिस्टरनं बघितलं. हे म्हणाले, "उचलतो, उचलतो." ती म्हणाली, "राहू द्या. सकाळी झाडायच्या आधी न्या." त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण तिची मी ऋणी आहे.

ताई पुण्याहून आल्या त्या थेट माझ्याकडे. पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "सुमन, मी कॅसेटमध्ये हालचालीचं काहीच सांगितलं नाही गं. एक वाक्य टाकायला हवं होतं." मी भिंतीकडं तोंड केलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. दोष ठेवायला दुसरं कुणीतरी मिळालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं मी एक दिवस त्यांना फासावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझे केस विंचरत होत्या. मग माझ्याच्यानं राहवेना. म्हणलं, "ताई, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं मला. मी ऐकलं होतं." वाटलं, आता त्यांचं ओझं उतरेल. त्या विंचरत राहिल्या आणि रडत राहिल्या. गुन्हा दोघींत वाटून अर्धा होत नाही, हे मला तेव्हा कळलं. दोघींकडंही तो पुरा राहतो.

पोरगी वाचली. मला नांदेडला नेलं, तेव्हापासून तिला नळीतून माझं दूध चालू झालं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "बर्थ ॲस्फिक्सिया. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला. किती नुकसान झालं ते वाढतानाच कळेल." आम्ही तिचं नाव आशू ठेवलं. तिनं मान उशिरा धरली. बसली उशिरा. डावा पाय कडक राहिला. मी इतर पोरं बघायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मग ताईंनीच तिला हाताशी घेतलं. सुट्टी काढून कनेरगावला येऊन राहायच्या, मला पाय कसा ताणायचा, टाच कशी दाबायची ते शिकवायच्या. आशू बोंबलायची. मला बघवायचं नाही. ताई म्हणायच्या, "रडू दे. ताकद आहे म्हणून रडतेय." बाकीची पोरं शाळेत जायच्या वयाला आली तेव्हा कुठं आशू हॉटेलातल्या बाकाला धरून चालली. गिऱ्हाईकं चहा सोडून बघत राहिली.

नांदेडच्या डॉक्टरांना मी शेवटी विचारलंच, "मी आदल्या दिवशी आले असते तर?" ते म्हणाले, "कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता पडला. नाळ कधी आवळली ते आपल्याला माहीत नाही. पण तुम्ही आला त्या दिवशीही संध्याकाळपर्यंत थांबला असता तर हा प्रश्न विचारायला आशूला घेऊन आला नसता, एवढं मी सांगू शकतो." ते वाक्य मी जपून ठेवलंय. काही दिवस ते पुरतं, काही दिवस नाही पुरत.

आता नाक्यावरच्या पोटुशा सुना माझ्याकडं येतात. मी त्यांना श्वास शिकवते, होय, तोच. भीतीनं आवळलेलं अंग जास्त दुखतं हे खरंच आहे, त्यात माझी चूक नव्हती. पण मी एक गोष्ट वेगळी सांगते. भीती आली की तिला लगेच बाहेर घालवू नका. आधी तिला विचारा, काहून आलीस? खरं कारण सांगितलं तर उठा आणि दवाखाना गाठा, मग ग्रहण असो की सण. आणि बाळ हलायचं थांबलं तर त्याला समजदार म्हणू नका. पोटातलं लेकरू खोडकरच असावं.

आशू आता पाचवीत आहे. पाय जरा ओढते, पण धावते. तोंड मात्र माझ्यासारखं. दिवसभर गाणं, भांडण, ताटल्या वाजवणं. आई बाळापूरहून आली की कानांवर हात ठेवते, "लई कल्ला करती वं ही पोरगी." पण आमच्या घरात तिला कुणी गप बस म्हणत नाही. यांच्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणालं तर हे त्यालाच दुसऱ्या बाकावर बसवतात.

कधी ती आतल्या खोलीत एकदम गप होते. मी हातातली भाकर तव्यावर टाकून तशीच जाते. ती चित्राला रंग देत असते. "काय गं मम्मी?" म्हणते. "काही न्हाई," म्हणते मी, आणि ती परत बोलायला लागेपर्यंत तिथंच बसून राहते.